गर्भजलातील मूळपेशींनी थॅलेसेमिया असलेल्या नातवावर उपचार होऊ शकतो का?

खाडीकाठ

सर्व सभासदांना नमस्कार. आम्ही दापोली तालुक्यातील खाडीलगतच्या एका गावात राहतो. माझा मोठा नातू पाच वर्षांचा असून त्याला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे शरीर पुरेसे निरोगी रक्त बनवू शकत नाही असा आनुवंशिक आजार, आहे. दर तीन-चार आठवड्यांनी त्याला रक्त चढवावे लागते आणि त्या रक्तामुळे शरीरात साठत जाणारे लोह बाहेर टाकण्यासाठी डेफेरासिरॉक्सच्या गोळ्या रोज द्याव्या लागतात. पावसाळ्यात घाटात दरड आली किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी त्याच्या गटाचे रक्त शिल्लक नसले, की तारीख पुढे ढकलावी लागते आणि तेवढ्या दिवसांत मुलगा फिकट पडून अंगणात खेळायचाही थांबतो. हे सारे आता आमच्या घराच्या अंगवळणी पडले असले, तरी त्यातून त्याची कायमची सुटका व्हावी, ही आमची इच्छा रोजचीच आहे.

सूनबाई पुन्हा गरोदर असून सध्या चौदावा आठवडा सुरू आहे. पोटातील बाळालाही हाच आजार आहे का, हे पाहण्यासाठी सोळाव्या आठवड्यात मुंबईला जाऊन गर्भजल तपासणी करून घ्यावी, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. दरम्यान एका खासगी कंपनीचा प्रतिनिधी घरी येऊन गेला. त्याचे म्हणणे असे, की तपासणीसाठी गर्भजल काढले जाणारच आहे, तर त्यातील मूळपेशी, म्हणजे इतर प्रकारच्या पेशी बनवू शकणाऱ्या पेशी, वेगळ्या करून गोठवून ठेवाव्यात. त्यांपासून कोणताही अवयव तयार करता येतो, त्यामुळे मोठ्या भावाचा थॅलेसेमिया बरा होईल आणि पुढे आजोबांचे गुडघेही दुरुस्त होतील. रक्कम मोठी आहे आणि ती उभी करायची तर कलमांच्या बागेवर कर्ज काढावे लागेल. नातू खरोखर बरा होणार असेल, तर कर्ज काढायला मी एक दिवसही थांबणार नाही.

गर्भजलात अशा पेशी खरोखर असतात का, त्यांनी थॅलेसेमिया बरा झाल्याचे उदाहरण आहे का आणि नसेल तर पोटातील या बाळामुळे मोठ्याला बरे करण्याचा दुसरा कोणता मार्ग आहे, हे जाणकारांनी कृपया स्पष्टपणे सांगावे. कटू असले तरी खरेच सांगावे.

पेशीवाचक

नमस्कार काका. मी मूळचा मालवणचा असून पुण्यातील एका प्रयोगशाळेत पेशीशास्त्रात काम करतो. आपण उत्तर स्पष्ट मागितले आहे, म्हणून निष्कर्ष आधी सांगतो: गर्भजलात मूळपेशी खरोखर असतात, त्यांच्यावरील संशोधन अस्सल आणि महत्त्वाचे आहे, परंतु त्यांच्या साहाय्याने जगात कोणत्याही रुग्णालयात थॅलेसेमियावर प्रस्थापित उपचार केला जात नाही. या कामासाठी बागेवर कर्ज काढू नये.

आता थोडे सविस्तर लिहितो, कारण त्या प्रतिनिधीच्या बोलण्यात खरे आणि खोटे इतके मिसळलेले आहे, की ते वेगळे केल्याशिवाय आपल्या मनातील शंका जाणार नाही.

बाळ ज्या पाण्यात वाढते, ते दुसऱ्या तिमाहीपासून मुख्यतः बाळाच्याच लघवीचे बनलेले असते. बाळाची त्वचा, मूत्रमार्ग, श्वासनलिका व आतडे आणि पाणमोटेचे आतील अस्तर यांवरून झडलेल्या पेशी त्यात तरंगत असतात. गर्भजल तपासणीत याच पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांतील गुणसूत्रे आणि जनुके तपासली जातात, आणि ही पद्धत कित्येक दशके रुळलेली आहे. त्यांतील बहुतेक पेशी आयुष्य संपत आलेल्या असतात. मात्र २००३ च्या सुमारास व्हिएन्ना येथील आणि नेदरलँड्समधील संशोधकांनी दाखवून दिले, की या पाण्यात मूळपेशींचे गुण असलेल्या काही मोजक्या पेशीही सापडतात. त्यानंतर जानेवारी २००७ मध्ये पाओलो दे कोप्पी, अँथनी अटाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त प्रसिद्ध झाला. तपासणीनंतर उरलेल्या गर्भजल-पेशींपैकी सुमारे एक टक्का पेशींच्या पृष्ठभागावर ‘सी-किट’ नावाचे प्रथिन असते. त्या पेशी निवडून वाढवल्या असता त्या साधारण ३६ तासांत दुप्पट होत गेल्या, अडीचशेहून अधिक वेळा दुप्पट होऊनही त्यांची गुणसूत्रे शाबूत राहिली आणि योग्य रसायनांच्या सान्निध्यात त्यांना चरबी, हाड, स्नायू, रक्तवाहिन्यांचे अस्तर, यकृत व मज्जासंस्था यांच्या पेशींकडे वळवता आले.

या शोधाचे मोठे महत्त्व दोन कारणांनी होते. भ्रूणापासून मिळणाऱ्या मूळपेशी, ज्या १९९८ मध्ये मानवी भ्रूणातून प्रथम वेगळ्या केल्या गेल्या, त्या शरीरातील कोणतीही पेशी बनवू शकतात, पण त्यासाठी भ्रूण नष्ट करावा लागतो आणि त्या तशाच शरीरात सोडल्या तर टेराटोमा नावाची गाठ तयार होण्याची भीती असते. गर्भजलातील पेशींसाठी भ्रूणाला हात लावावा लागत नाही आणि प्राण्यांत सोडल्यावर त्यांची अशी गाठ झाल्याचे त्या अभ्यासात दिसले नाही. दुसऱ्या बाजूला, प्रौढ माणसाच्या अस्थिमज्जेतील, म्हणजे हाडांच्या आतील रक्त बनवणाऱ्या मऊ भागातील, मूळपेशींपेक्षा त्या अधिक वेगाने वाढतात. अशा मधल्या स्थानामुळे पुनर्जननवैद्यकातील अनेकांचे लक्ष त्यांच्याकडे लागले, आणि ते योग्यच होते.

पुढच्या वर्षांत जे काम झाले, त्याने चित्र अधिक नेमके केले. उंदरांच्या नवजात पिलांत आतड्याचा जीवघेणा दाह निर्माण करून त्यांना या पेशी दिल्या असता ती अधिक काळ जगली, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु त्या पेशींनी नवे आतडे बनवले नव्हते, तर त्यांच्यातून पाझरणाऱ्या द्रव्यांमुळे पिलाच्या आतड्यातील स्वतःच्या पेशी सावरल्या होत्या. मला हा मुद्दा फार मोलाचा वाटतो. जाहिरातीत ‘मूळपेशी नवा अवयव तयार करतात’ असे चित्र रंगवलेले असते, प्रत्यक्षात बऱ्याच प्रयोगांत त्या काही काळ शेजारच्या पेशींना आधार देऊन नाहीशा होतात. मेंढीच्या कोकरात पडद्याला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूला, असलेले छिद्र गर्भजल-पेशींपासून वाढवलेल्या ऊतीने बुजवण्याचे प्रयोग बोस्टनमध्ये झाले आहेत. जन्मजात व्यंग सोनोग्राफीत पाचव्या महिन्यात दिसावे, त्याच बाळाच्या गर्भजलातून पेशी घेऊन जन्मापर्यंत दुरुस्तीचे ठिगळ तयार ठेवावे आणि शस्त्रक्रियेत ते वापरावे, अशी ही कल्पना आहे. बाळाच्या शरीराने ते परके म्हणून नाकारण्याचा प्रश्नच येत नाही, म्हणून ती मला या संपूर्ण विषयातील सर्वांत आश्वासक दिशा वाटते.

मार्च २०२४ मध्ये लंडन येथील दे कोप्पी आणि गेर्ली यांच्या गटाने आणखी एक पाऊल टाकले. सोळाव्या ते चौतिसाव्या आठवड्यांतील १२ गर्भवतींच्या गर्भजलातील पेशींपासून त्यांनी फुप्फुस, मूत्रपिंड आणि लहान आतडे यांच्या सूक्ष्म प्रतिकृती प्रयोगशाळेत वाढवल्या. ज्या बाळांच्या पडद्याला जन्मजात छिद्र होते, त्यांच्या फुप्फुसाच्या प्रतिकृतीत निरोगी बाळांपेक्षा वेगळेपणा दिसला. याचा अर्थ, गर्भाला स्पर्शही न करता त्याच्या फुप्फुसाची वाढ कशी चालली आहे, याचा अंदाज घेण्याचे साधन हाती येत आहे. पण नीट पाहावे: या प्रतिकृती मोहरीच्या दाण्याहूनही लहान असतात आणि त्या रोग समजून घेण्यासाठी आहेत, शरीरात बसवण्यासाठी नाहीत.

आता रक्ताविषयी, जो आपला खरा प्रश्न आहे. २००९ मध्ये ‘ब्लड’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात उंदराच्या गर्भजलातील सी-किट पेशींनी दुसऱ्या उंदरांत रक्त तयार करून दाखवले. माणसाच्या गर्भजलातील पेशींनी मात्र रक्ताकडे जाणारे गुण काचेच्या बशीत दाखवले. या दोहोंमधले अंतर मोठे आहे. थॅलेसेमियाच्या मुलाला बरे करायचे तर त्याच्या मज्जेत कायमस्वरूपी ठाण मांडून आयुष्यभर रक्त बनवणाऱ्या पेशी हव्यात, आणि त्याही भरपूर. नाळेतल्या रक्तातून प्रत्यारोपण करायचे झाल्यास रुग्णाच्या दर किलो वजनामागे साधारण अडीच कोटी पेशी असाव्यात, असा संकेत आहे. वीस मिलिलिटर गर्भजलात रक्त बनवू शकणाऱ्या पेशी असल्या तरी त्या नगण्य असतात आणि त्यांची मज्जेत रुजण्याची क्षमता न घालवता संख्या वाढवण्याची रीत अद्याप कोणाकडेही नाही.

गुडघ्यांबाबत थोडक्यात सांगतो. सांध्यांत मूळपेशींची इंजेक्शने देणारी ठिकाणे शहरोशहरी आहेत, परंतु भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसाठी केले जाणारे रक्तमूळपेशींचे प्रत्यारोपण वगळता मूळपेशींचा अन्य वापर हा मान्यताप्राप्त वैद्यकीय चाचणीच्या चौकटीतच व्हायला हवा, आणि चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेतले जात नाहीत. त्याच तत्त्वांत असेही स्पष्ट केले आहे, की नाळेतील रक्त सोडून इतर जैविक पदार्थांच्या व्यावसायिक साठवणुकीला परवानगी नाही. आपल्या घरी आलेल्या गृहस्थांना या कलमाविषयी लेखी विचारावे.

वाशिष्ठी

मी चिपळूण परिसरात स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राचा व्यवसाय करते. वरील उत्तरातील विज्ञानाशी मी सहमत आहे. मला तपासणीविषयी लिहायचे आहे, कारण आपल्याकडे वेळ थोडा आहे आणि त्यातला एकही दिवस त्या कंपनीच्या विचारात जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

सर्वप्रथम, आपल्या मुलाचा आणि सूनबाईंचा बीटा-ग्लोबिन जनुकातील (ज्याच्या बिघाडाने हा आजार होतो, त्या जनुकातील) बिघाड नेमका कोणता आहे, याचा अहवाल हाताशी आहे का? भारतात सर्वाधिक आढळणारा बिघाड ‘आयव्हीएस वन-फाइव्ह’ या नावाने ओळखला जातो, परंतु इतरही अनेक आहेत, आणि गर्भाच्या पेशींत काय शोधायचे हे प्रयोगशाळेला आधी ठाऊक असावे लागते. नातवाची तपासणी झाली असेल तर त्याच्या कागदांत हे लिहिलेले असेल. नसेल तर तिघांचेही रक्त याच आठवड्यात पाठवावे. सोळावा आठवडा उजाडेपर्यंत थांबू नये. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत थॅलेसेमियाचे गर्भावस्थेतील निदान अनेक वर्षांपासून होते. तिथे आपल्या डॉक्टरांमार्फत आधी दूरध्वनीवरून वेळ घ्यावी, कारण कोकणातून रात्रीच्या गाडीने जाऊन ‘आज नमुना घेत नाहीत’ हे ऐकून परतणारी कुटुंबे मी पाहिली आहेत.

तपासणीत सोनोग्राफीच्या देखरेखीखाली बारीक सुई पोटातून गर्भाशयात नेऊन साधारण पंधरा ते वीस मिलिलिटर पाणी काढले जाते. अनुभवी हातांत गर्भपाताचा धोका शंभरात एकाहूनही कमी असतो, पण तो शून्य नसतो, म्हणूनच ही तपासणी सबळ कारणाशिवाय करत नाहीत. आपल्याकडे कारण सबळ आहे. सूनबाईंचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर तपासणीनंतर, बाळाच्या रक्ताविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिद्रव्ये तयार होऊ नयेत म्हणून, अँटी-डी इंजेक्शन द्यावे लागते, हे आधीच सांगून ठेवावे. काढलेल्या पाण्यात आईच्या पेशी मिसळल्या तर निदान चुकू शकते, म्हणून सुरुवातीचे थोडे पाणी बाजूला टाकतात आणि प्रयोगशाळेत मिसळणीची स्वतंत्र तपासणीही करतात. आता या वीस मिलिलिटरमधून साठवणुकीसाठी वाटा काढून देणे म्हणजे ज्या कामासाठी सुई टोचली, त्या कामाचाच नमुना कमी करणे होय. साठवणुकीसाठी जास्तीचे पाणी काढावे, अशी सूचना कोणी केली तर ती ठामपणे नाकारावी.

कायद्याची बाजूही माहीत असू द्यावी. गर्भजल तपासणीचा गैरवापर मुलींच्या गर्भांवर होऊ लागला, तेव्हा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने १९८८ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला, आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. त्यामुळे ही तपासणी नोंदणीकृत केंद्रातच होते, आईची लेखी संमती ‘जी’ नमुन्यात घेतली जाते आणि लिंग सांगितले जात नाही. नोंदणी नसलेल्या कंपनीच्या माणसाने गर्भजलाची कुपी हातात घेऊन जाणे या चौकटीत बसत नाही.

अहवाल आला आणि बाळालाही थॅलेसेमिया मेजर असल्याचे निघाले, तर पुढचा निर्णय सर्वस्वी आपल्या मुलाचा आणि सूनबाईंचा आहे. त्यांच्यावर घरातून कोणताही दबाव नसावा, ही एक डॉक्टर म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर दोष असल्यास दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत गर्भपाताची तरतूद आहे, म्हणूनच तपासणी सोळाव्या आठवड्याच्या पुढे रेंगाळू देऊ नये.

आंबोलीघाट

मला दोन्ही उत्तरे थोडी कठोर वाटली. माझी बहीण सावंतवाडीत परिचारिका आहे आणि आमच्याकडे गंभीर रुग्णाला घेऊन गोव्यातील बांबोळीच्या रुग्णालयापर्यंत धावावे लागते, त्यामुळे आशेचे मोल आम्हालाही ठाऊक आहे. विज्ञान झपाट्याने पुढे जात आहे. आज उंदरांत जमले ते पंधरा-वीस वर्षांनी माणसांत जमणारच नाही, असे कोण सांगू शकेल? गर्भजल एकदा वाहून गेले की परत मिळणार नाही. एखाद्या कुटुंबाला परवडत असेल, तर पेशी ठेवून देण्यात नेमकी हानी काय?

पेशीवाचक

आपला प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याला पूर्ण उत्तर देणे मी माझे कर्तव्य समजतो.

समजा, वीस वर्षांनी गर्भजलातील पेशींपासून रक्त तयार करण्याची खात्रीची रीत सापडली. तरीही साठवलेल्या पेशी कामी येण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतील: त्या पेशी वीस वर्षे नीट गोठवलेल्या असाव्यात, त्या ज्या बाळाच्या आहेत ते बाळ निरोगी असावे आणि त्याचे ऊतिप्रकार, म्हणजे शरीर आपले-परके ओळखते त्या पेशींवरील खुणा, ज्यांना एचएलए म्हणतात, ते मोठ्या भावाशी जुळावेत. यातील शेवटच्या दोन गोष्टी खऱ्या ठरल्या, तर कुपीची गरजच उरत नाही. कारण तो भाऊ किंवा ती बहीण घरात चालती-बोलती असेल आणि त्याच्या किंवा तिच्या मज्जेतून हव्या तेवढ्या पेशी आजच्या प्रस्थापित पद्धतीने मिळतील. आणि त्या दोनपैकी एक जरी गोष्ट खोटी ठरली, तर त्या कुपीचा मोठ्याला उपयोग नाही. बाळालाच आजार असेल तर त्याच्या स्वतःच्या पेशींतही तोच बिघाड असणार, म्हणजे त्या त्यालाही उपयोगी नाहीत.

शिवाय मागच्या वीस वर्षांचा अनुभव उलट दिशेने बोलतो. २००६ मध्ये जपानी शास्त्रज्ञ यामानाका यांनी उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतील साध्या पेशींना चार जनुकांच्या साहाय्याने भ्रूणीय अवस्थेत परत नेऊन दाखवले, ज्यासाठी त्यांना २०१२ चे नोबेल मिळाले. म्हणजे भविष्यात एखाद्याला स्वतःच्या मूळपेशी लागल्याच, तर त्या त्याच्या त्या दिवसाच्या त्वचेतून किंवा रक्तातून तयार करता येण्याची शक्यता जुन्या कुपीपेक्षा अधिक आहे. थॅलेसेमियातही हेच घडले: नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने मान्य केलेल्या जनुक-संपादनाच्या उपचारात रुग्णाच्याच मज्जेतील रक्तमूळपेशी काढून, त्यांत बदल करून परत दिल्या जातात. त्याची अमेरिकेतील जाहीर किंमत २२ लाख डॉलर आहे, त्यामुळे तो आज आपल्या आवाक्यात नाही. परंतु त्याला जन्माच्या वेळच्या कोणत्याही साठवणुकीची गरज नाही, एवढे लक्षात घ्यावे.

हानी कुठे आहे, असे आपण विचारलेत. ज्या घरात दर महिन्याला रक्तासाठी प्रवास आहे, रोजची गोळी आहे आणि पुढे प्रत्यारोपणाचा खर्च येण्याची शक्यता आहे, त्या घराने हाताशी असलेला एकमेव कर्जाचा स्रोत आधीच वापरून टाकणे, ही हानी आहे. आशा ठेवायची तर ती जिथे मुले बरी झाली आहेत तिथे ठेवावी.

गर्भाशी संबंधित ऊतींनी रुग्णांना आजही मदत होते, हे जाता जाता सांगावेसे वाटते. पाणमोटेचे पातळ आवरण १९४० पासून डोळ्याच्या पृष्ठभागावरील शस्त्रक्रियांत वापरले गेले आहे, आणि मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची ऊतिपेढी १९८८ पासून असे आवरण निर्जंतुक करून भाजलेल्या व न भरणाऱ्या जखमांसाठी पुरवत आली आहे. ते दान केलेल्या वारेपासून मिळते आणि त्यासाठी कोणत्याही कुटुंबाला साठवणुकीचे शुल्क भरावे लागत नाही.

सुरंगी

काका, मी रत्नागिरीहून लिहीत आहे. माझ्या मुलाला थॅलेसेमिया मेजर होता आणि धाकट्या बहिणीच्या मज्जेतून त्याचे प्रत्यारोपण झाले. आता त्याला रक्त लागत नाही. सर्वांच्या बाबतीत असे होईलच असे नाही, तरीही आमच्या प्रवासात जे समजले ते आपल्याला उपयोगी पडेल म्हणून सांगते.

फेरिटिनकडे, म्हणजे शरीरात साठलेल्या लोहाचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासणीकडे, आत्तापासून काटेकोर लक्ष द्या. प्रत्यारोपणाचे यश मुलाचे वय, यकृताचा आकार आणि लोह किती नीट काढले गेले आहे, यांवर फार अवलंबून असते, असे आम्हाला डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते. इटलीतील पेझारो येथे डॉ. लुकारेली यांनी यकृताची स्थिती आणि लोह काढण्यातील नियमितता या निकषांवर रुग्णांचे वर्ग पाडले आणि चांगल्या वर्गातील मुले दहापैकी नऊ जगतात व बरी होतात, हे दाखवले. म्हणजे पुढची दोन-तीन वर्षे गोळी चुकू न देणे, हीच नातवासाठी सर्वांत मोठी गुंतवणूक आहे. गोळी चवीला नको वाटते, मुले थुंकतात, पोट बिघडते. तरीही ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

बोरिवली येथे मुंबई महानगरपालिकेचे थॅलेसेमिया उपचार व अस्थिमज्जा प्रत्यारोपण केंद्र आहे. तिथे नातवाला एकदा दाखवून त्याचे आणि आई-वडिलांचे एचएलए तपासून घ्या. जुळणारा दाता घरातच मिळाला, तर कोल इंडियाच्या ‘थॅलेसेमिया बाल सेवा योजने’तून प्रत्यारोपणासाठी दहा लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. तिच्यासाठी उत्पन्नाचा दाखला आणि इतर कागदपत्रे लागतात, ती तहसील कार्यालयातून आधीच काढून ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमियाचा समावेश असल्यामुळे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्रही मिळते. जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करा.

खाडीकाठ

आपण सर्वांनी परक्या माणसाच्या प्रश्नासाठी इतका वेळ दिलात, याबद्दल मी ऋणी आहे. कंपनीला नकार कळवला आहे. मुलाचे आणि सूनबाईंचे जनुकांचे अहवाल जुन्या फाइलीत सापडले, ते उद्या डॉक्टरांकडे नेत आहोत.

आता दोनच शंका उरल्या आहेत. बाळ निरोगी असेल आणि मोठ्याशी जुळेल, याची शक्यता किती धरावी? आणि जुळणी गर्भजलाच्या त्याच नमुन्यातून आधीच पाहून घ्यावी का, म्हणजे नाळेतले रक्त ठेवायचे की नाही हे ठरवता येईल?

वाशिष्ठी

आई-वडील दोघेही वाहक असतील, म्हणजे दोघांकडेही बिघडलेल्या जनुकाची एक-एक प्रत असेल, तर प्रत्येक गर्भधारणेत बाळाला मेजर असण्याची शक्यता चारात एक असते, म्हणजे मेजर नसण्याची चारात तीन. सख्ख्या भावंडांत एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. ही दोन जनुके वेगवेगळ्या गुणसूत्रांवर, अनुक्रमे अकराव्या आणि सहाव्या गुणसूत्रावर, असल्यामुळे एकाचा दुसऱ्यावर परिणाम होत नाही आणि दोन्ही गोष्टी एकाच बाळात येण्याची शक्यता सोळात तीन, म्हणजे शंभरात साधारण एकोणीस येते. बाळ आई-वडिलांसारखेच वाहक असले, तरीही ते दाता होऊ शकते; वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे.

गर्भाचे एचएलए त्या नमुन्यातून तांत्रिकदृष्ट्या तपासता येते, पण मी तसे सुचवणार नाही. बाळ निरोगी आहे हे कळल्यावर ते जुळते की नाही, यावर त्या गर्भधारणेचे काहीही ठरता कामा नये, आणि जुळत नाही हे सहाव्या महिन्यात समजले तर उरलेले दिवस सूनबाईंच्या मनावर विनाकारण ओझे राहील. त्याऐवजी असे करावे: गर्भजलाचा अहवाल चांगला आला, तर प्रत्यारोपण केंद्राच्या डॉक्टरांशी सातव्या महिन्यातच बोलून घ्यावे. घरात आजारी भावंड असताना नाळेतील रक्त राखून ठेवणे, हे राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनाही मान्य असलेले कारण आहे. स्वतःच्या भविष्यासाठी म्हणून ठेवण्यापेक्षा ते सर्वस्वी वेगळे आहे. प्रसूती कुठे होणार, रक्त गोळा करण्याची पिशवी कोण आणणार आणि ती ठरलेल्या वेळेत कोणत्या प्रयोगशाळेत पोहोचणार, हे आधी ठरवावे लागते. आपल्या गावाहून खेड स्थानक आणि तिथून मुंबई हा प्रवास पाहता, केंद्राने होकार दिल्यास प्रसूती मुंबईतच करण्याचा विचार करावा.

बाळ जन्मल्यावर नाळेतल्याच थोड्या रक्तावरून एचएलए तपासता येते. काही कारणाने नाळेचे रक्त गोळा करता आले नाही किंवा त्यात पेशी कमी भरल्या, तरी संधी गेली असे समजू नये. बाळ जुळत असेल तर ते थोडे मोठे झाल्यावर त्याची मज्जा घेता येते आणि कमी भरलेल्या नाळेच्या रक्ताला तिची जोडही देता येते. प्रसूतीच्या वेळी रक्त अधिक मिळावे म्हणून नाळ घाईने बांधण्याचा आग्रह मात्र कोणी धरू नये. नवजात बाळाच्या वाट्याचे रक्त त्याला मिळाले पाहिजे, आणि ती वेळ प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावी. मुंबईला जाताना नातवाचे आजवरचे फेरिटिनचे सर्व अहवाल, रक्त चढवल्याच्या नोंदींची वही आणि दोघांचे जनुकांचे अहवाल, यांच्या दोन-दोन प्रती सोबत ठेवाव्यात.